पुढची संख्या कोणती?



१, २, ४... यापुढची संख्या कोणती? असे प्रश्न तुम्ही पुष्कळदा सोडवले असतील. तुमच्यापैकी बहुतेक जण चटकन सांगतील, "आठ!" पण समजा, तुमच्या वर्गातील एका मुलीने "सात" असे उत्तर दिले, तर तिला चूक ठरवायचे का? माझे मत असे आहे की, उत्तराला चूक किंवा बरोबर म्हणण्याआधी तिने कोणता नियम वापरला हे विचारले पाहिजे.

आपण दोन साधे प्रयोग करून पाहू. वहीचा एक कोरा कागद घ्या. घडी घातलेली नाही तोवर त्याचा थर एकच असतो. मधोमध एक घडी घातली की दोन थर होतात. पुन्हा घडी घातली की चार, आणि तिसऱ्या घडीला आठ. म्हणजे १, २, ४, ८. ज्यांनी "आठ" म्हटले त्यांचा नियम हा आहे : दर वेळी दुप्पट.

आता एक गोल रोटी घ्या. ती कापली नाही तोवर तुकडा एकच. सुरीने एक सरळ काप दिला की दोन तुकडे. पहिल्या कापाला छेदून जाणारा दुसरा काप दिला की चार तुकडे. आता तिसरा काप असा द्या की तो आधीच्या दोन्ही कापांना छेदेल, पण ते दोन काप जेथे मिळतात त्या बिंदूतून जाणार नाही. तुकडे मोजा. ते सात भरतील. तीन सरळ कापांनी यापेक्षा जास्त तुकडे होऊच शकत नाहीत. म्हणजे १, २, ४, ७. त्या मुलीचा नियम हा होता.

दोन्ही नियमांची पहिली तीन पावले अगदी सारखी आहेत. चौथ्या पावलावर मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. दहा कापांनी रोटीचे जास्तीत जास्त ५६ तुकडे होतात. दहा घड्यांनंतर कागदाचे थर मात्र १०२४ झाले असते. दोन नियमांत एवढा फरक का पडावा? या प्रश्नाचे उत्तर तुमच्या बीजगणिताच्या पुस्तकात, बहुपदींच्या धड्यात आहे. तो धडा बहुतेक विद्यार्थी व्याख्या पाठ करून संपवतात. तसे करू नये, हे सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे.

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. आपण एक संख्या द्यावी आणि त्या बदल्यात ठरलेली एकच संख्या मिळावी, अशा नियमाला गणितात फलन म्हणतात. जी संख्या आपण बदलू शकतो तिला चल म्हणतात. पुस्तकात चलासाठी बहुधा एखादे अक्षर वापरतात; येथे आपण 'क्ष' हे अक्षर घेऊ. कागदाच्या प्रयोगात घड्यांची संख्या हा चल होता, तर रोटीच्या प्रयोगात कापांची संख्या.

आता रोटीचा नियम लिहू. कापांची संख्या क्ष असेल, तर जास्तीत जास्त तुकडे असतात :

(क्ष × क्ष + क्ष + २) × १/२

क्ष च्या जागी ३ घालून पाहा. ९ + ३ + २ म्हणजे १४, आणि त्याचे निम्मे ७. या नियमात कोणत्या क्रिया आल्या? बेरीज आणि गुणाकार. गरज पडली असती तर वजाबाकीही चालली असती. चल आणि काही ठरावीक संख्या घेऊन केवळ बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार या तीन क्रिया, त्याही मोजक्या वेळा करून जे फलन तयार होते, त्याला बहुपदी फलन म्हणतात. बहुपदी म्हणजे पुष्कळ पदांची. उर्दूत 'कसीर' या शब्दाचा अर्थ पुष्कळ असा आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. तुमच्या उर्दू गणिताच्या पुस्तकात बहुपदीला जे नाव आहे, तेही याच शब्दाने सुरू होते. नाव मराठीत घ्या नाहीतर उर्दूत, कल्पना एकच आहे.

पुस्तकातील व्याख्या थोड्या वेगळ्या शब्दांत असते. तेथे म्हटलेले असते की, चलाचा घातांक शून्य किंवा धन पूर्णांक असला पाहिजे. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पण असे का, हे फार थोडे विचारतात. उत्तर सोपे आहे. क्ष चा घन म्हणजे क्ष हा तीन वेळा घेऊन केलेला गुणाकार. तीन वेळा गुणता येते, सात वेळाही गुणता येते. पण अर्धा वेळ कसे गुणणार? म्हणून क्ष चे वर्गमूळ बहुपदीत बसत नाही. तसेच १ ला क्ष ने भागणे ही गुणाकाराची क्रिया नव्हे. म्हणून तेही बसत नाही. मग वरच्या सूत्रात निम्मे कसे चालले? कारण तेथे आपण चलाने भागले नाही. २ या ठरावीक संख्येने भागणे म्हणजे १/२ ने गुणणे. त्याचप्रमाणे २ चे वर्गमूळ गुणिले क्ष ही बहुपदी आहे, कारण २ चे वर्गमूळ ही एक ठरलेली संख्या आहे. वर्गमुळाचे चिन्ह दिसले की "बहुपदी नाही" असे लिहून मोकळे होणारे विद्यार्थी येथेच फसतात. चिन्ह कोठे आहे हे पाहावे लागते. ते चलावर आहे की ठरावीक संख्येवर, हा खरा प्रश्न आहे.

बहुपदीत चलाचा जो सर्वांत मोठा घातांक असतो, त्याला तिची कोटी म्हणतात. रोटीच्या बहुपदीची कोटी २ आहे. कोटी १ असली की आलेख तिरकी सरळ रेषा येतो. कोटी २ असली की वर फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा किंवा त्याच्या उलट, वाटीसारखा वळलेला आलेख येतो.

तुम्ही म्हणाल, "ठीक आहे. बहुपदी ओळखता आली. पण त्याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. माझ्या मते उपयोग असा की, फलन कोणत्या कुळातील आहे हे कळले म्हणजे ते पुढे कसे वागेल हेही पुष्कळ अंशी कळते. माणसांविषयी असे अनुमान करणे अन्यायाचे ठरेल. फलनांविषयी मात्र ते सिद्ध करता येते. तीन उदाहरणे पाहा.

पहिले उदाहरण फरकांचे. रोटीच्या तुकड्यांची यादी लिहा : १, २, ४, ७, ११, १६. शेजारच्या संख्यांमधील फरक काढा : १, २, ३, ४, ५. पुन्हा फरक काढा : १, १, १, १. दुसऱ्या खेपेला फरक स्थिर झाला. कोटी २ असलेल्या प्रत्येक बहुपदीत असेच होते, आणि कोटी ३ असेल तर तिसऱ्या खेपेला. आता कागदाच्या थरांची यादी घ्या : १, २, ४, ८, १६, ३२. फरक काढा : १, २, ४, ८, १६. तीच यादी परत आली! पुन्हा फरक काढा. पुन्हा तीच येईल. कितीही खेपा केल्या तरी येथे फरक स्थिर होणार नाही. म्हणून दुपटीचा नियम बहुपदी नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी १८२० च्या दशकात गणिताची कोष्टके तयार करणारे एक यंत्र योजले होते. ते फरकांच्या याच गुणावर आधारलेले होते. शेवटचा फरक स्थिर असला की पुढची सगळी किंमत केवळ बेरजा करून मिळते, आणि बेरीज यंत्रालाही जमते.

दुसरे उदाहरण रिक्षाच्या मीटरचे. समजा, सुरुवातीच्या ठरावीक अंतरापर्यंत भाडे एकच राहते आणि त्यानंतर ते अंतराबरोबर वाढत जाते. आलेख काढला तर आधी आडवी रेषा आणि मग चढती रेषा मिळेल. हे दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे बहुपदीच आहेत. पण दोन्ही मिळून एकच बहुपदी होईल का? होणार नाही. कारण कोटी १ असलेली बहुपदी जास्तीत जास्त एकदा शून्य होते, कोटी २ असलेली जास्तीत जास्त दोनदा, आणि असेच पुढे. भाड्याच्या फलनातून किमान भाडे वजा करा. सुरुवातीच्या पट्ट्यात सगळीकडे शून्य येईल, म्हणजे असंख्य वेळा शून्य येईल. जी बहुपदी असंख्य वेळा शून्य होते, ती सर्वत्र शून्यच असावी लागते. मग भाडे कधी वाढलेच नसते! पण ते वाढते, हा आपला रोजचा अनुभव आहे. म्हणून ते एका बहुपदीत मावत नाही. बसचे तिकीट टप्प्याटप्प्याने एकदम वाढते. त्याचा आलेख जिन्याच्या पायऱ्यांसारखा असतो. त्यालाही हेच कारण लागू पडते.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे, कारण त्यात घरच्या पैशाचा प्रश्न येतो. समजा, कोणी गरजू माणसाने दरमहा शेकडा ५ दराने १००० रुपये कर्ज घेतले. व्याज केवळ मुद्दलावर असेल तर दर महिन्याला ५० रुपये वाढतात. चार वर्षांनी, म्हणजे ४८ महिन्यांनी, एकूण ३४०० रुपये होतात. पण व्याजावरही व्याज लागत असेल तर? पहिल्या महिन्याअखेर दोन्ही हिशेबांत १०५० रुपयेच येतात. दुसऱ्या महिन्यात ११०० आणि ११०२ रुपये ५० पैसे; फरक अडीच रुपयांचा. म्हणून माणूस निश्चिंत राहतो. चार वर्षांनी मात्र दुसऱ्या हिशेबाने सुमारे १०,४०० रुपये देणे होते! पहिला हिशेब कोटी १ असलेल्या बहुपदीचा आहे. दुसऱ्या हिशेबात महिन्यांची संख्या घातांकाच्या जागी जाऊन बसते. अशा फलनाला घातांकी फलन म्हणतात. १, २, ४ या तीन संख्यांनी जसे आपल्याला चकवले, तसेच पहिले दोन-तीन महिने कर्जदाराला चकवतात. ज्याला हा फरक कळतो, तो कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी एक प्रश्न अधिक विचारील. बीजगणिताचा एवढा जरी उपयोग झाला तरी तो थोडा नाही.

येथे एक गंमत लक्षात घ्या. व्याजावर व्याजाच्या याच सूत्रात महिने दोन ठरवून टाकले आणि दर बदलत ठेवला, तर सूत्र होते : १००० गुणिले (१ + दर) गुणिले (१ + दर). आता दर हा चल आहे आणि ही कोटी २ असलेली बहुपदी आहे! सूत्र तेच, पण चल बदलला की फलनाचे कूळ बदलले. म्हणून एखादे सूत्र दाखवून "ही बहुपदी आहे का?" असे कोणी विचारले, तर तुम्ही आधी विचारा, "चल कोणता?"

घातांकी फलनापुढे मोठमोठ्या बहुपदीही टिकत नाहीत. क्ष चा घन आणि २ चा क्ष-वा घात यांची शर्यत लावून पाहा. क्ष ९ असताना घन ७२९ आहे आणि दुसरी संख्या ५१२. घन पुढे आहे. क्ष १० झाला की घन १००० आणि दुसरी संख्या १०२४. क्ष २० झाला की घन ८००० आणि दुसरी संख्या १०,४८,५७६! बहुपदीची कोटी कितीही मोठी घेतली तरी अखेर घातांकी फलन तिला मागे टाकतेच.

आता पुण्याच्या वेशीवर खडकवासल्याला जाऊ. तेथे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिची सुरुवात १९१६ साली झाली. नद्या, धरणे, बंदरे यांच्या लहान प्रतिकृती करून पाणी कसे वाहते याचा अभ्यास तेथे होतो. पाण्याचे बळ काय असते हे पुण्याला कोणी सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली गेले.

धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या आडव्या भिंतीवरून पाणी मोकळेपणाने सांडत असेल, तर दर सेकंदाला किती पाणी जाईल? भिंतीच्या माथ्यावर पाण्याची उंची जितकी जास्त, तितके पाणी जास्त. पण किती जास्त? उंची चौपट झाली तर पाणी चौपट होईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते आठपट होते. कारण सांडणाऱ्या प्रवाहाची जाडी उंचीच्या प्रमाणात वाढते आणि पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. चौपट उंचीला चौपट जाडी आणि दुप्पट वेग. चार दुणे आठ. उंची नऊपट झाली तर पाणी सत्तावीसपट होते. या नियमात चलाचे वर्गमूळ आले, म्हणून ही बहुपदी नाही. कोटी १ धरून अंदाज केला तर तो फार कमी येईल, आणि कोटी २ धरून केला तर फार जास्त, म्हणजे आठाच्या जागी सोळा. खरा नियम या दोहोंच्या मध्ये आहे. पूर येईल तेव्हा भिंतीवरून किती पाणी सुटेल हे ठरवणाऱ्या माणसाला यातील फरक कळलाच पाहिजे.

हे सर्व वाचून तुम्हांला वाटेल की, बहुपदी फार दुबळ्या आहेत. कर्ज, पाणी, रिक्षा, काहीच त्यांत मावत नाही. पण तसे मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. ज्यांत केवळ बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार लागतो, अशी फलने हाताळायला सर्वांत सोपी असतात. म्हणून अवघड फलनांच्या जागी, थोड्या अंतरापुरत्या, बहुपदींची मदत घेण्याची रीत फार जुनी आहे. याचे एक सुंदर उदाहरण आपल्याच देशातील आहे. सातव्या शतकात भास्कर नावाचा एक गणिती होऊन गेला. त्याला पहिला भास्कर म्हणतात. कोनाचे साइन काढण्याची एक युक्ती त्याच्या ग्रंथात आहे. आजच्या भाषेत ती अशी सांगता येईल : कोनाचे अंश १८० मधून वजा करा आणि उरलेल्या संख्येला कोनाच्या अंशांनी गुणा. या गुणाकाराची चौपट अंशस्थानी लिहा. ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा करून छेदस्थानी लिहा.

३० अंशांसाठी करून पाहा. १५० गुणिले ३० म्हणजे ४५००. अंशस्थानी १८,०००, छेदस्थानी ३६,०००. उत्तर १/२, अगदी बरोबर! ४५ अंशांसाठी सुमारे ०.७०५९ येते, खरी किंमत सुमारे ०.७०७१ आहे. सातव्या शतकातील युक्तीने एवढे जवळचे उत्तर द्यावे, याचे कौतुक वाटते. येथे अंशस्थानी एक बहुपदी आहे आणि छेदस्थानी दुसरी. एका बहुपदीला दुसरीने भागले आहे, म्हणून हे सूत्र स्वतः बहुपदी नाही. अशा फलनाला परिमेय फलन म्हणतात. आणि साइन या दोहोंपेक्षा वेगळे आहे. ० अंश, १८० अंश, ३६० अंश, ५४० अंश असे ते पुन्हा पुन्हा शून्य होत राहते, म्हणून ते बहुपदी असूच शकत नाही. भास्कराचे सूत्र ० ते १८० अंशांपुरतेच आहे. ते ओलांडून ३६० अंशांसाठी वापरले तर उणे २.४६ च्या आसपास उत्तर येते. साइन कधीही उणे १ च्या खाली जात नाही, आणि ३६० अंशांचे साइन तर शून्य आहे! युक्ती चांगली असली तरी तिची हद्द ओळखून वापरावी लागते.

बीजगणित हे कोणा एकाचे घराणे नाही. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिज्मी यांनी समीकरणांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातील 'अल-जब्र' या शब्दावरूनच अल्जिब्रा हा शब्द जगभर गेला. बाराव्या शतकात अस्‌-समौअल यांनी एका बहुपदीला दुसरीने भागण्याची रीत मांडली; तुम्ही शाळेत करता तो भागाकार तिच्याच वाटेवरचा आहे. त्याच शतकात आपल्याकडे दुसरे भास्कराचार्य होऊन गेले. त्यांचा जन्म १११४ सालचा. चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडलेल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याची नोंदही आहे. त्यांची 'लीलावती' १५८७ साली फैजी यांनी फारसीत आणली. पुढे शाहजहानच्या काळात अताउल्लाह रशीदी यांनी त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथाचे फारसी भाषांतर केले. एका भाषेत शिकलेले गणित दुसऱ्या भाषेत नेणे हे काम शतकानुशतके चालत आले आहे. तुम्ही उर्दूत बीजगणित शिकता आणि आज त्याविषयी मराठीत वाचत आहात. तुम्हीही तेच काम करीत आहात.

पुणे शहरात या दुसऱ्या भास्कराचार्यांच्या नावाची एक संस्था आहे : भास्कराचार्य प्रतिष्ठान. १९७६ साली श्रीराम अभ्यंकर यांनी ती स्थापन केली. अभ्यंकर यांचा जन्म १९३० साली उज्जैन येथे झाला. मुंबईला पदवी घेऊन ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि पुढे पर्ड्यू विद्यापीठात अनेक वर्षे प्राध्यापक होते. बहुपदींच्या आलेखांना जेथे टोक येते किंवा आलेख स्वतःलाच छेदतो, अशा अवघड जागांचा अभ्यास हे त्यांचे मोठे कार्य. त्यांनी १९७६ साली लिहिलेल्या एका दीर्घ लेखाला अमेरिकेतील गणित संघटनेचे शोव्हने पारितोषिक १९७८ साली मिळाले. शाळेत शिकवले जाणारे बीजगणित हे बाळबोध समजून मागे टाकायचे नसते, त्याच्या रीतींत फार मोठी शक्ती आहे, असे ते आग्रहाने मांडत असत. त्यांनी आयुष्यभर ज्या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला, तो बहुपदींविषयीचाच होता. जर्मन गणिती केलर यांनी तो १९३९ साली विचारला होता. दोन बहुपदी वापरून संख्यांच्या एका जोडीची दुसरी जोडी केली, तर उलट वाटेने मूळ जोडीकडे बहुपदींनीच परत येता येईल, हे केव्हा खात्रीने सांगता येते, अशा स्वरूपाचा हा प्रश्न आहे. २०१२ साली अभ्यंकर यांचे निधन झाले तोपर्यंत तो सुटला नव्हता. ज्या वस्तूची व्याख्या नववीच्या मुलाला समजते, तिच्याविषयीचा प्रश्न जगातील नामवंत गणितींना सत्तर वर्षांहून अधिक काळ सुटला नाही! मग सोपी व्याख्या म्हणजे सोपा विषय, असे कोण म्हणेल?

मित्रांनो, काही जण म्हणतात की, परीक्षेपुरती व्याख्या पाठ करावी, म्हणजे झाले; दोन गुण मिळतात. मला हे मान्य नाही. पाठ केलेली व्याख्या परीक्षेनंतर विसरली जाते. पण "या नियमात कोणत्या क्रिया आहेत? चल कोठे बसला आहे? हा नियम कोणत्या हद्दीपर्यंत खरा आहे?" हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर ती जन्मभर उपयोगी पडते. कोणी तुम्हांला कर्जाचा कागद दाखवील, कोणी भाव वाढण्याचा अंदाज सांगेल, कोणी पहिल्या तीन आकड्यांवरून चौथा ठासून सांगेल. त्या वेळी घाई करू नका. तीन आकडे म्हणजे नियम नव्हे, हे ध्यानात ठेवा.

आणि वर्गात एखाद्या मुलीने "सात" म्हटले, तर हसू नका. तिला फळ्यापाशी बोलवा आणि रोटी काढून दाखवायला सांगा.